केळीवरील पर्णगुच्छ रोगाचा प्रवास : फिजी ते पळणी

प्रस्तावना

कृषी इतिहासाच्या अभ्यासात दुष्काळ, सारापद्धती, सिंचन आणि बाजारपेठ यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे पिकांच्या रोगांना मिळालेले दिसत नाही. त्यातही आयर्लंडमधील बटाट्यावरील करपा किंवा सिलोनमधील कॉफीवरील तांबेरा यांचा निदान उल्लेख तरी होतो. विषाणुजन्य रोग मात्र वनस्पतिरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतच राहिले. केळीवरील पर्णगुच्छ अर्थात 'बंची टॉप' हा रोग इतिहासाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. रोगग्रस्त झाड बरे करणारे औषध आजतागायत उपलब्ध नाही. असे असूनही हा रोग एका देशात आटोक्यात आला आणि दुसऱ्या देशात आला नाही. हा फरक कशामुळे पडला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

फिजी व ऑस्ट्रेलिया

या रोगाची पहिली नोंद १८८९ मध्ये फिजी बेटांवर झाली. १८९२ ते १८९५ या अवघ्या तीन वर्षांत तेथील केळीची निर्यात एक पंचमांशाहूनही कमी झाली. मात्र लागवडीसाठी मुनवे बाहेर पाठविणे थांबले नाही. १९१३ च्या सुमारास फिजीतून आलेल्या मुनव्यांबरोबर हा रोग ऑस्ट्रेलियातील ट्वीड नदीच्या खोऱ्यात पोहोचला. पहिल्या महायुद्धानंतर तेथे निवृत्त सैनिकांना केळीच्या जमिनींवर वसविण्यात आले होते. १९२५ पर्यंत रोगग्रस्त पट्ट्यातील बहुतेक बागा नष्ट झाल्या आणि वसाहतकरी देशोधडीला लागले.

१९२४ मध्ये केंद्र व प्रांत सरकारांनी मिळून चौकशी सुरू केली. सी. जे. पी. मॅगी या तरुण संशोधकाने १९२७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा रोग जमिनीतील दोषामुळे होत नसून विषाणूमुळे होतो, केळीवरील काळपट मावा तो पसरवितो आणि रोगट बेटातील प्रत्येक मुनवा रोगटच निघतो, असे त्यांनी दाखवून दिले. पानाच्या शिरेवर व देठावर गर्द हिरव्या तुटक रेषा दिसतात, नवी पाने आखूड व ताठ होऊन शेंड्याला गुच्छासारखी एकत्र येतात, आणि लहानपणी लागण झालेले झाड घड देत नाही. विषाणू प्रत्यक्ष पाहण्याचे साधन मॅगींपाशी नव्हते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचे कण १९९० च्या सुमारास ओळखले गेले. त्याची जनुकसामग्री वर्तुळाकार डीएनएच्या सहा लहान तुकड्यांत विभागलेली असल्याचे पुढे सिद्ध झाले.

मॅगींच्या निष्कर्षांवर कायदा उभा राहिला. प्रत्येक बागेची नोंदणी, निरीक्षकांकडून नियमित तपासणी, रोगट झाड मुळासकट नष्ट करण्याची सक्ती आणि परवान्याशिवाय लागवडीस मनाई, असे त्याचे स्वरूप होते. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथील केळीबागा पुन्हा उभ्या राहिल्या.

भारतातील प्रवेश

सिलोनमध्ये हा रोग १९१३ पासून ज्ञात होता. तेथून तो १९४० मध्ये त्रावणकोरात आल्याचे मानले जाते. मॅगींचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती, आणि वनस्पतींच्या आयातीवर नियंत्रण ठेवणारा १९१४ चा कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानात अस्तित्वात होता. म्हणजे ज्ञान होते, कायदाही होता. उणीव होती ती गावपातळीवरील यंत्रणेची. केरळात केळी प्रत्येक घराच्या परसात असते आणि मुनवे नातलग-शेजाऱ्यांत देण्याघेण्याची रीत जुनी आहे. ट्वीडच्या नोंदणीकृत बागांसाठी केलेली व्यवस्था अशा समाजात जशीच्या तशी लागू होणे कठीणच होते. लागण झाल्यावर लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे जातात, त्यामुळे निरोगी दिसणारा मुनवाही रोग घेऊन जातो. केरळ, आसाम, ओरिसा आदी राज्यांतून केळीचे कंद व रोपे इतरत्र नेण्यास मनाई करणारा देशांतर्गत संगरोध १९५९ मध्ये लागू झाला. १९४० नंतर एकोणीस वर्षांनी!

सर्वाधिक हानी तमिळनाडूतील पळणीच्या डोंगरभागात झाली. तेथील विरुपाक्षी या डोंगरी केळीचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टरांवरून २,००० हेक्टरांच्या आसपास आले. पळणीच्या मुरुगन मंदिरातील पंचामृतम् हा प्रसाद याच केळीपासून करण्याची परंपरा असल्याने, हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांच्या उत्पन्नापुरता राहिला नाही. तिरुचिरापल्ली येथील राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र व तमिळनाडू कृषी विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून विषाणुमुक्त ऊतिसंवर्धित रोपांद्वारे या जातीच्या पुनर्लागवडीस चालना मिळाली, आणि २००८ मध्ये तिला भौगोलिक निर्देशन लाभले.

जनुकीय साक्ष

विषाणूच्या जनुकीय तुलनेत फिजी, ऑस्ट्रेलिया व भारत येथील नमुने एकाच गटात येतात, तर तैवान, व्हिएतनाम व फिलिपिन्स येथील नमुने प्रामुख्याने दुसऱ्या गटात. आफ्रिकेतील नमुनेही पहिल्याच गटातले आहेत. तेथे २०१० नंतर बेनिन, नायजेरिया, टोगो अशा नव्या देशांत हा रोग आढळला असून अनेक भागांत केळी हे रोजचे अन्न आहे. जुनी कागदपत्रे व विषाणूचा जनुकसंच यांची साक्ष अशी परस्परांशी जुळावी, हे इतिहासाच्या अभ्यासकास नवे साधन म्हणावे लागेल.

महाराष्ट्राचा संबंधही यात आहे. जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांना 'हरण्या' म्हणून परिचित असलेला रोग काकडीवरील मोझॅक विषाणूचा आहे. पर्णगुच्छाशी त्याची गल्लत होता कामा नये. मावा आणि मुनवे हे प्रसाराचे मार्ग मात्र दोहोंचे समान आहेत. ऊतिसंवर्धित रोपांच्या विषाणुचाचणीसाठी केंद्राची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे. ती प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या रोपांपुरती लागू होते. पिलबागेतून शेजारच्या शेतात जाणारा मुनवा तिच्या कक्षेत येत नाही.