आमवातातील स्टेरॉइड उपचार

आमवात अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांध्यांचा दीर्घकालीन स्वयंप्रतिरक्षा विकार आहे. त्यातील सूज व वेदना लवकर आटोक्यात आणण्यासाठी प्रेडनिसोलोन, मेथिलप्रेडनिसोलोन यांसारखी ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातील औषधे दिली जातात. व्यवहारात त्यांना नुसते ‘स्टेरॉइड’ म्हणतात. शरीर कमावण्यासाठी वापरली जाणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे निराळी. आमवातात स्टेरॉइड हा मुख्य उपचार मानला जात नाही. मेथोट्रेक्सेटसारख्या रोगनियंत्रक औषधाचा परिणाम दिसू लागेपर्यंतचा तो आधार असतो. त्यामुळे ते केव्हा व कसे थांबवायचे, हे सुरुवातीलाच ठरवणे उपचाराचाच भाग आहे.

इतिहास

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील वैद्य फिलिप हेंच यांना असे आढळले होते की, कावीळ झालेल्या किंवा गरोदर असलेल्या आमवाताच्या रुग्णांचा त्रास तात्पुरता कमी होतो. शरीरातीलच एखादे द्रव्य याला कारणीभूत असावे, असा त्यांचा तर्क होता. २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी एका २९ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले. अंथरुणाला खिळलेली ही स्त्री काही दिवसांतच चालू लागली. हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही दिसू लागले होते आणि औषध थांबवताच आजार उलटत होता. १९५५ पासून प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन वापरात आली.

पूर्वतयारी : निदान

मराठी बोलण्यात गुडघ्याची झीज, गाऊट, चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी आणि आमवात या सर्वांना सरसकट ‘वात’ किंवा ‘संधिवात’ म्हणतात. हा घोळ केवळ शब्दांचा नाही. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातल्या भिगवण या गावी १९९६ मध्ये पुण्याचे संधिरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमांतर्गत, घरोघरी जाऊन पाहणी करण्यात आली. पाहणीतील ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचे दुखणे होते. आमवाताचे प्रमाण मात्र सुमारे ०.५ टक्के होते. दुखणे असलेल्यांमध्ये आमवाताचे रुग्ण विसेकच निघतात. दुखणाऱ्या प्रत्येक सांध्याला स्टेरॉइड दिले, तर बहुसंख्यांना ते अनावश्यकच ठरेल, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

हातापायांच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंनी सूज, सकाळी तासाभराहून अधिक टिकणारा ताठरपणा, तसेच रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर व अँटी-सीसीपी यांवरून निदान केले जाते. निदानाआधीच स्टेरॉइड घेतल्यास सूज ओसरते, तपासणीत काही हाती लागत नाही आणि आजार आतून वाढत राहतो.

उपचार सुरू करणे

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि त्याचा गुण येण्यास साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. या काळात रुग्णाला भाकरी थापणे, बटण लावणे, बादली उचलणेही जमत नसेल, तर प्रेडनिसोलोनची दिवसाला सहसा ५ ते १० मिलिग्रॅम मात्रा दिली जाते. गुण बहुधा काही दिवसांतच येतो. नेमकी अडचण इथेच उद्भवते : ज्या गोळीने बरे वाटले तीच खरी, असे रुग्णाला वाटते आणि सावकाश काम करणारे मेथोट्रेक्सेट मागे पडते. एकदोनच सांधे सुजले असतील तर सांध्यात, अन्यथा कधी स्नायूत इंजेक्शन देण्याचा पर्यायही असतो.

गोळी सकाळी, काही खाऊन घेतात. शरीरातील नैसर्गिक कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळीच सर्वाधिक असते. रात्री घेतलेल्या गोळीने झोप उडते.

सुरुवातीपूर्वी रक्तदाब, रक्तशर्करा, डोळ्यांचे विकार, पोटातील व्रण आणि हाडांची स्थिती विचारात घेतली जाते. भारतात क्षयरोगाची चौकशी विशेष महत्त्वाची ठरते, कारण सुप्त क्षय स्टेरॉइडने जागा होऊ शकतो. मधुमेहाबाबत एक बारकावा सहज निसटतो : सकाळच्या गोळीने साखर मुख्यतः दुपारनंतर वाढते, त्यामुळे केवळ उपाशीपोटीची तपासणी समाधानकारक दिसू शकते. दुखण्यावरच्या इतर वेदनाशामक गोळ्या सोबत घेतल्यास जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीन महिन्यांहून अधिक काळ उपचार चालणार असल्यास कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देतात आणि अस्थिभंगाचा धोका तपासतात.

मात्रा व कालावधीविषयी मतभेद

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दररोज ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन वर्षे दिल्याने हाडांची झीज मंदावल्याचे दिसले. १९९७ च्या ‘कोब्रा’ चाचणीत ६० मिलिग्रॅमपासून झपाट्याने उतरत जाणारी मात्रा इतर औषधांसोबत वापरली गेली. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०२१ मध्ये मात्र शक्यतो स्टेरॉइडविनाच उपचार सुरू करावा, अशी सशर्त शिफारस केली. ‘युलार’ या युरोपीय संघटनेच्या २०२२ च्या शिफारशी अल्पकाळ वापरास मुभा देतात, पण ते शक्य तितक्या लवकर बंद करावे असे सांगतात. ६५ वर्षांवरील रुग्णांवरील ‘ग्लोरिया’ चाचणीत (२०२२) ५ मिलिग्रॅमनेही आजार आटोक्यात राहिला, पण दुष्परिणामांचे, मुख्यतः जंतुसंसर्गाचे, प्रमाण वाढले. ‘लहान मात्रा निर्धोक असते’ हा समज त्यामुळे टिकत नाही. मोठ्या मात्रेइतकी ती घातक नसते, एवढेच म्हणता येते.

बंद करणे

बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यास अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले औषध एकाएकी थांबवल्यास थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणे आणि क्वचित प्राणावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. म्हणून मात्रा वैद्यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवतात. ५ मिलिग्रॅमच्या खाली हा वेग आणखी मंद ठेवला जातो. या काळात मोठा ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया झाल्यास मात्रा तात्पुरती वाढवावी लागू शकते. त्यामुळे आपण स्टेरॉइड घेतो, हे रुग्णाने प्रत्येक डॉक्टरला सांगणे आवश्यक असते.

गैरवापर

प्रेडनिसोलोन भारतात अनुसूची ‘एच’मध्ये असून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्याची विक्री करता येत नाही. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण आढळतात. स्टेरॉइडच्या अनियंत्रित वापराकडे लोकांचे लक्ष २०२१ मध्ये वेधले गेले. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने त्या वर्षी महाराष्ट्रात अनेकांना ग्रासले. मधुमेह आणि स्टेरॉइड यांचा संयोग त्यामागील प्रमुख कारणांपैकी एक मानला गेला.

सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत व ‘जडीबुटी’च्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. दोन दिवसांत आलेला विलक्षण गुण, वाढलेली भूक, गोल होत गेलेला चेहरा आणि अंगावर सहज उठणारे काळेनिळे डाग ही त्याची लक्षणे असू शकतात. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतलेल्या रुग्णाने भीतीपोटी ती एकदम सोडणेही धोक्याचे असते. पुडी सोबत घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे जाणे, आणि तिच्याऐवजी ज्ञात मात्रेची गोळी सुरू करून ती हळूहळू उतरवणे, हा मार्ग अवलंबला जातो.