विलापिका आणि धम्म : पाली साहित्यातील शोकाची परंपरा

प्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या आठवणीत रचलेल्या शोकपर कवितेला मराठीत ‘विलापिका’ म्हणतात. इंग्रजीतील ‘एलेजी’ या शब्दासाठी हा प्रतिशब्द रूढ झाला. ‘एलेजी’चे मूळ ग्रीक भाषेत आहे. तिथे ते आधी एका छंदाचे नाव होते आणि त्या छंदात युद्धावर, प्रेमावरही कविता होत असत. ‘शोककाव्य’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. मराठीत रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘बापाचे अश्रू’ आणि गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ ही अपत्यवियोगाच्या कवितांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. संस्कृतात कालिदासाचे अजविलाप आणि रतिविलाप सर्वांना माहीत असतात.

या यादीत पाली साहित्याचे नाव मात्र क्वचितच येते. बौद्ध धम्म म्हणजे विरक्ती, मग तिथे रडणे कुठून असणार, असा समज त्यामागे असावा. हा समज आपल्या समाजातही आहे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लेक गमावलेल्या आईला आपण सहज सांगून जातो, ‘रडू नका ताई, सगळे अनित्य आहे.’ पण त्रिपिटकात शोकाला असे गप्प केलेले आहे का? आम्ही इथे त्यातील काही ठळक जागांचा परिचय करून देत आहोत.

थेरीगाथेतील आया

खुद्दक निकायातील ‘थेरीगाथा’ या ग्रंथात ७३ रचना आहेत. स्त्रियांच्या काव्याच्या जगातील सर्वांत जुन्या संग्रहांमध्ये त्याची गणना होते. त्यात मूल गमावलेल्या आया वारंवार भेटतात.

उब्बिरी आपल्या जीवा नावाच्या मुलीसाठी रानात आक्रोश करते. तिला विचारले जाते की, या स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळाल्या, त्यांतल्या कोणत्या जीवेसाठी तू रडतेस? प्रश्न कठोर वाटतो. पण तो तिच्या मुलीला क्षुल्लक ठरवत नाही. आपल्यासारख्या असंख्य आया याच जागी उभ्या राहून गेल्या, हे तो तिला दाखवतो.

वासेट्ठी पुत्रशोकाने भान हरपून तीन वर्षे विवस्त्र, मोकळ्या केसांनी रस्त्यांवर आणि उकिरड्यांवर भटकली, असे ती स्वतः सांगते. मिथिलेला तिला तथागत दिसले आणि तिचे चित्त ठिकाणावर आले. थेरी झाल्यावरही तिने ही तीन वर्षे लपवली नाहीत. त्यांची तिला लाज वाटली नाही आणि संघानेही ती गाथेतून गाळली नाहीत.

किसा गोतमीची मोहरीची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. ती गोष्ट अट्ठकथेत आहे, तिच्या गाथांमध्ये नाही. गाथांमध्ये स्त्रीजन्माच्या हालअपेष्टा आहेत, वाटेत मेलेला नवरा आहे, गमावलेली दोन मुले आहेत आणि एकाच चितेवर जळणारे आई, बाप व भाऊ आहेत. ही हकीकत पटाचारेच्या कथेशी जुळते. मोहरीच्या गोष्टीतही एक बारकावा आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या गोतमीला तथागत अनित्यतेवर प्रवचन देत नाहीत. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगतात. ती दारोदार जाते आणि प्रत्येक दारात दुसऱ्याचे दुःख ऐकते. तिला जे कळते, ते या ऐकण्यातून कळते.

पटाचारा : सांत्वन पुढे देणारी

पटाचारेची कथाही अट्ठकथेतून येते. सर्पदंशाने नवरा गेला, एका बाळाला पक्ष्याने उचलून नेले, दुसरे नदीत वाहून गेले, माहेरचे घर कोसळून आईबाप व भाऊ गेले. वेडी म्हणून लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला ‘भगिनी’ म्हणून हाक मारली आणि भानावर ये, असे सांगितले.

तिच्या स्वतःच्या गाथांत मात्र यातले काहीच नाही. तिथे नांगरणारे शेतकरी आहेत, पाय धुताना उतारावर वाहत जाणारे पाणी आहे आणि विझणारा दिवा आहे. थेरीगाथेत पुढे ती पुन्हा येते, ती पुत्रशोकाने व्याकूळ स्त्रियांचे सांत्वन करणारी म्हणून. जो कुठून आला आणि कुठे गेला ते तुला ठाऊक नाही, त्याच्यासाठी शोक का, असे ती त्यांना विचारते. हाच प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर कदाचित टोचला असता. पटाचारेने तो विचारण्याआधी स्वतः सर्व काही गमावले होते.

आनंदाचे अश्रू

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांचा अंत जवळ आल्याचे कळताच आनंद बाजूला जाऊन दाराला धरून रडतो. तथागत त्याला बोलावून घेतात. जे जन्मले ते नष्ट होणारच, हे ते सांगतात, आणि त्याचबरोबर इतकी वर्षे प्रेमाने केलेल्या सेवेबद्दल सर्व भिक्खूंसमोर त्याची स्तुती करतात.

सारिपुत्ताच्या निधनाची बातमी चुंद घेऊन येतो, तेव्हाही आनंदाला काही सुचेनासे होते. तथागत विचारतात, सारिपुत्त जाताना शील, समाधी, प्रज्ञा सोबत घेऊन गेला का? पुढे उक्काचेल येथे, सारिपुत्त आणि मोग्गल्लान दोघेही गेल्यावर, ही सभा आपल्याला रिकामी वाटते, अशा अर्थाचे उद्गार स्वतः तथागतांनी काढल्याची नोंद संयुत्त निकायात आहे. ते शोकाने व्याकूळ झाले नाहीत, पण रिकामी जागा त्यांनी पाहिली आणि बोलूनही दाखवली.

पुढच्या काळात अश्वघोषाने ‘बुद्धचरिता’चा संपूर्ण आठवा सर्ग सिद्धार्थाच्या गृहत्यागानंतर मागे राहिलेल्यांच्या विलापाला दिला. यशोधरा, गौतमी, शुद्धोदन यांच्याबरोबर कंथक घोड्याचे दुःखही त्यात आहे.

सहा डिसेंबरनंतर

बाबासाहेबांच्या आयुष्यातही हा शोक होता. त्यांची चार अपत्ये लहानपणीच गेली. राजरत्नच्या मृत्यूनंतर १९२६ साली त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र बापाच्या दुःखाने भरलेले आहे. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्याच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत विचारले की, सारे जीवन दुःखच असेल तर माणसाला आशा कुठली? दुःख मान्य करूनही तिथेच थांबायला ते तयार नव्हते.

६ डिसेंबर १९५६ नंतर शाहिरांनी, गायकांनी आणि जात्यावरच्या बायांनी जी गाणी रचली, ती मराठीतील फार मोठी विलापिका आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या सर्वपरिचित गीतात गेलेल्या भीमरावांचा शब्द जग बदलण्याची आज्ञा होऊन येतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हीच वाट गावोगाव नेली. बाप गेल्याच्या दुःखातून त्याचे काम पुढे नेण्याकडे ही गाणी वळतात. सारिपुत्त काय घेऊन गेला, या प्रश्नाचे उत्तर आपल्या लोकांनी असे दिले. पुढे ऊर्मिला पवार यांनी ‘आयदान’मध्ये आईचे टोपल्या विणणे आणि स्वतःचे लिहिणे वेदनेच्या एकाच धाग्याने जोडले.

आपल्या कार्यक्रमांसाठी

पाली साहित्यात क्रम स्पष्ट दिसतो. आधी शोक ऐकला जातो, मग तो इतरांच्या शोकाशी जोडला जातो आणि शेवटी अनित्यतेचे ज्ञान येते. आपण अनेकदा शेवटची पायरी पहिली करतो. दुखवट्याच्या घरी उपदेश लवकर सुरू होतो, आणि गेलेल्या माणसाचे नाव पाहुण्यांच्या सत्काराइतकेही घेतले जात नाही.

आमची बौद्धाचार्यांना आणि धम्म उपासकांना विनंती आहे की, पुण्यानुमोदनात त्रिसरण-पंचशीलानंतर घरच्यांना गेलेल्या माणसाबद्दल बोलू द्यावे. कोणी रडले तर थांबवू नये. त्यानंतर थेरीगाथेतील एखादी रचना मराठी अर्थासह वाचावी. आणि जिने स्वतः मूल गमावले आहे अशी एखादी उपासिका वस्तीत असेल, तर त्या आईजवळ बसण्यासाठी आधी तिला विचारावे.