विकृतिवैज्ञानिक संकेतांकन

विकृतिवैज्ञानिक संकेतांकन : रुग्णालयाच्या विकृतिविज्ञान विभागात तपासलेल्या ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचे) निदान आणि त्यासाठी केलेली परीक्षा ठराविक अंकांनी वा अक्षरांनी नोंदण्याची पद्धती. रोगांची आकडेवारी, जुन्या नोंदींचा शोध व शुल्क-आकारणी ही तिची मुख्य उद्दिष्टे होत.

मृत्यूच्या कारणांचे झाक बेर्तीयाँ या फ्रेंच सांख्यिकीविज्ञांनी केलेले वर्गीकरण १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये त्यात आजारांचाही समावेश केला. अमेरिकन विकृतिविज्ञांच्या महाविद्यालयाने १९६५ मध्ये शरीरस्थान, ऊतकबदल, कारण व कार्य अशा चार अंगांनी निदान नोंदणारी नामावली प्रसिद्ध केली. अर्बुदांसाठी (गाठींसाठी) स्वतंत्र आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १९७६ मध्ये आले. शुल्क-आकारणीचे संकेतांक मात्र निराळे असून अमेरिकन वैद्यक संघटनेने ते १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. रोगाचा संकेतांक ‘काय आढळले’ हे सांगतो, तर शुल्काचा ‘काय केले’ हे सांगतो.

भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी मुंबईस १९६३ मध्ये स्थापन झाली व पुढे तिचे काम पुण्यातही सुरू झाले. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (नंतरची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. ठरावीक उपचारांना ठरावीक रक्कम देणाऱ्या अशा योजनांमुळे निदान, उपचार व देयक यांचा मेळ बसणे अगत्याचे झाले. भारत २०१४ मध्ये ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेचा सदस्य झाला. तिच्या देशातील वितरणाचे काम पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रातील (सी-डॅक) राष्ट्रीय केंद्राकडे सोपविण्यात आले.

अचूकतेचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अर्बुद-वर्गीकरणात ग्रंथिअर्बुदाचा संकेतांक ८१४०/० आणि ग्रंथीय कर्करोगाचा ८१४०/३ आहे. तिरप्या रेषेनंतरचा एकच अंक साधी गाठ व मारक गाठ यांतील भेद दाखवितो. तो चुकल्यास कर्करोगाची आकडेवारी दूषित होते, योजनेतील मंजुरी अडते किंवा अनुचित रक्कम अदा होते. साध्या गाठीच्या रुग्णावर कर्करोगाचा शिक्काही बसू शकतो आणि अभिलेखातून तो पुसणे कठीण जाते.

असे दोष बहुधा तीन कारणांनी उद्‌भवतात : अंतिम अहवालापूर्वी तात्पुरत्या निदानावरून संकेतांक देणे, एकाच रुग्णाच्या अनेक नमुन्यांची एकत्र वा दुहेरी नोंद करणे, आणि पुरवणी अहवालानंतर मूळ नोंद न सुधारणे. म्हणून संकेतांक नेहमी विकृतिविज्ञांनी स्वाक्षरी केलेल्या अहवालावरून द्यावा व नोंदींची नियमित फेरतपासणी करावी, हे या कार्याचे मूलतत्त्व मानले जाते. संगणकामुळे नोंदीची गती वाढली, तरी संकेतांकाचे उत्तरदायित्व अहवाल वाचणाऱ्या माणसाकडेच राहते.