तेल, घाणा आणि शनवार तेली

'तेल' हा शब्द फोडून पाहिला तर आंत तीळ सांपडतो. संस्कृतांतील 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेलें; तेव्हां करडईचें तेल म्हणणें म्हणजे करडईचा तिळरस म्हणण्यासारखेंच होय! पण लोकांनीं त्याची पर्वा केली नाहीं. एरंडाचें तें एरंडेल झालें, खोबऱ्याचें खोबरेल, आणि पुढें इंग्रजी 'गॅसलाइट'चें घासलेट.

'घाणा' हा शब्द त्याहून संसारी. उखळ, त्यांत फिरणारी लाट आणि तिला जुंपलेला बैल, एवढेंच हें यंत्र. परंतु एका वेळीं उखळांत घालावयाच्या मालासहि घाणाच म्हणत, आणि म्हणूनच कढईंतून भज्यांचा घाणा निघतो. ज्या गृहिणीनें तेल्याचें घर पाहिलेंहि नाहीं, ती दिवाळींत तेल्याची भाषा बोलत असते.

या धंद्यांतील शब्दांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो 'शनवार तेली'. पेणेहून नागोठणें, खांब, रोहें असा प्रवास करणारास आज बैलाच्या घाण्याची करकर ऐकूं येण्याची आशा नको. पण ज्या जिल्ह्यांत हीं गांवें आहेत, त्या जुन्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यांतच हा शब्द जन्मला. आपले पूर्वज अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. येथें त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरिला, भाषा व वेष मराठी केला; मात्र शनिवारीं ते घाणा चालवीत नसत. शंकराचा वार म्हणून सोमवारीं बैल न जुंपणारे हिंदु तेली ते सोमवार तेली, आणि हे शनवार तेली. शेजाऱ्यांनीं धर्म विचारला नाहीं; घाणा कोणत्या दिवशीं थांबतो एवढेंच पाहिलें. आमच्या मतें या नांवांत हेटाळणीपेक्षां साक्षच अधिक आहे. आपण यहुदी आहों हें सांगण्यास या लोकांजवळ ग्रंथ उरले नव्हते. जें थोडें उरलें होतें, त्यांतील शनिवार शेजाऱ्यांच्या तोंडीं नांव होऊन राहिला.

पुढें पुष्कळजण मुंबईस गेले, पलटणींत शिरले. १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं तेथें पहिलें सिनेगॉग बांधिलें. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनीं लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ त तेल अवीव येथें छापला गेला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं, आणि रोहेकर, पेणकर हीं आडनांवेंहि त्यांजबरोबर गेलीं. तेथें त्यांनीं 'मायबोली' या नांवाचें मराठी नियतकालिक काढिलें.