घरच्या घरी बनवा कॉर्ड वाजवणारं यंत्र: ईएसपी३२, पाच बटणं आणि एक स्पीकर

एकाच वेळी तीन (किंवा जास्त) स्वर वाजले की त्याला कॉर्ड म्हणतात. पेटीवर सा-ग-प एकत्र दाबा, झाली मेजर कॉर्ड. तोच ग कोमल केला तर मायनर कॉर्ड. आपल्याकडे भजन-कीर्तनात पेटी मुख्यतः गाण्यामागे एकेका स्वराने चालते, कॉर्ड आली ती चर्चमधल्या संगीतातून आणि सिनेमातून. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) काम सुरू केलं, म्हणजे जिल्ह्याला पाश्चात्त्य भक्तिगीतांची ओळख बरीच जुनी आहे.

एका बटणावर एक कॉर्ड वाजवणारी वाद्यंही जुनीच. जपानच्या सुझुकी कंपनीचं ऑम्नीकॉर्ड १९८१ मध्ये आलं. त्याच कल्पनेचं साधं यंत्र आपण बनवू. आपल्या यंत्रात एक जास्तीची गोष्ट असेल: एक स्विच फिरवला की सगळे स्वर वेगळ्या पद्धतीने जुळवले जातील.

काय काय लागेल?

- ईएसपी३२ बोर्ड
- मॅक्स ९८३५७ए हा छोटा अँप्लिफायर
- ४ ओहम, ३ वॅटचा स्पीकर
- ५ पुश बटणं आणि १ साधा स्विच
- ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर

लाइट गेली तर पॉवर बँक चालते. फक्त काही पॉवर बँका कमी करंट पाहून आपोआप बंद होतात, तेव्हा यंत्र बिघडलं असं समजू नका.

जोडणी

अँप्लिफायरची बिट क्लॉक पिन २६ ला, लेफ्ट-राइट क्लॉक २५ ला, डेटा २२ ला जोडा. त्याला ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या. स्पीकरच्या दोन्ही वायरी अँप्लिफायरलाच जोडायच्या. स्पीकरची कुठलीही वायर ग्राउंडला लावू नका, अँप्लिफायर खराब होऊ शकतो.

बटणं १३, १४, २७, ३२, ३३ या पिनांना आणि स्विच ४ ला. प्रत्येकाचं दुसरं टोक ग्राउंडला. प्रोग्राममध्ये या पिनांचा आतला पुलअप चालू करा. ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप नसतो, म्हणून त्या टाळा.

तीन स्वर एकाच वेळी कसे वाजतात?

बोर्ड सेकंदाला २२,०५० वेळा एक आकडा अँप्लिफायरला पाठवतो. प्रत्येक स्वरासाठी एक मोजणी ठेवायची. दर वेळी तिच्यात ठरावीक पाऊल मिळवायचं, मोजणी भरली की पुन्हा शून्यापासून. पाऊल मोठं तितका स्वर उंच. मोजणीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, म्हणून याला सॉटूथ लहर म्हणतात.

तिन्ही मोजण्यांची बेरीज करा आणि तिला ३ ने भागा. भागायला विसरलात तर आकडा मर्यादेबाहेर जातो आणि आवाज फाटतो.

बटणांवर काय ठेवायचं?

सा म्हणजे पांढरी एक, २६१.६३ हर्ट्झ धरू.

- बटण १: सा-ग-प
- बटण २: म-ध-वरचा सा
- बटण ३: प-नी-वरचा रे
- बटण ४: ध-वरचा सा-वरचा ग
- बटण ५: रे-म-ध

पहिल्या तीन मेजर, शेवटच्या दोन मायनर. पहिल्या चार बटणांवर असंख्य सिनेगीतांची साथ होते.

स्विचची गंमत

स्विच एका बाजूला असताना की-बोर्डची पद्धत: सप्तकाचे १२ सारखे भाग, प्रत्येक पुढचा स्वर आधीच्याच्या १.०५९४६ पट. दुसऱ्या बाजूला शुद्ध गुणोत्तरं: रे ९/८, ग ५/४, म ४/३, प ३/२, ध ५/३, नी १५/८. वरच्या सप्तकासाठी दुप्पट.

आता बटण १ दाबून स्विच फिरवा. की-बोर्डचा ग ३२९.६३ हर्ट्झ, शुद्ध ग ३२७.०४. फरक अडीच हर्ट्झचा, पण कानाला लगेच कळतो. पहिल्या पद्धतीत आवाज सेकंदाला साधारण १० वेळा थरथरतो, दुसरीत कॉर्ड स्थिर होते. ही थरथर स्वरांच्या वरच्या अंशस्वरांमधून येते. म्हणूनच सॉटूथ लहर घेतली. साध्या साइन लहरीत अंशस्वर नसल्यामुळे हा फरक जवळजवळ ऐकूच येणार नाही.

मग शुद्धच का वापरू नये? बटण ५ दाबा. शुद्ध पद्धतीत रे २९४.३३ आणि ध ४३६.०५ येतो. पण त्या रे ला नीट जुळणारा ध ४४१.५० हवा. म्हणजे सा शी जुळवलेला ध, रे शी बेसूर ठरतो. सगळ्या कॉर्ड एकाच वेळी शुद्ध ठेवणारी १२ पट्ट्यांची जुळवणी नाही. की-बोर्डच्या पद्धतीत ही चूक सगळीकडे थोडी थोडी वाटून दिली आहे, इतकंच.

हा वाद आपल्याकडचाच

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास २२ श्रुतींवर लिहिलं आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांच्यासोबत श्रुती-पेटीचा प्रयोग केला. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. पेटीवर मीड निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, हे मुख्य आक्षेप होते. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली. पेटीत स्वर बदलायचा तर पितळी सूर घासावा लागतो, आपल्या यंत्रात एक आकडा बदलला की झालं.

तपासायचं कसं?

फोनवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यातला ऑडिओ ऑटोकोरिलेशन हा प्रयोग एका स्वराची फ्रिक्वेन्सी दाखवतो. कॉर्ड वाजवण्याआधी एकेक स्वर वेगळा वाजवून आकडा जुळतो का पाहा.

हत्यारं आणि मार्गदर्शन हवं असेल तर पारनेर-श्रीगोंद्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली.

यंत्र चालू झालं की गावातल्या पेटीवाल्या काकांना दोन्ही सा-ग-प ऐकवा, कुठला कुठल्या पद्धतीचा ते न सांगता. ते कुठला निवडतात ते बघा.