पदवीला तारण काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. देशभर फिरणारा पैसा ज्या गावात जन्माला येतो, त्याच गावात दर जून-जुलैमध्ये घरोघरी एकच प्रश्न घोळत असतो : फीचे पैसे आणायचे कुठून? प्रश्न आजचा वाटतो, पण तो सव्वाशे वर्षांचा तरी आहे. तो कोणी कसा सोडवला हे पाहत गेले, की बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या अर्जातली कलमे कुठून आली हेही हळूहळू उलगडते.

गोखले एज्युकेशन सोसायटीचे हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज, म्हणजे आपले एच.पी.टी., नाशिकमध्ये सुरू झाले १९२४ साली. त्याआधी मॅट्रिकच्या पुढे शिकायचे म्हणजे पुणे किंवा मुंबई गाठायची. फीपेक्षा खोली आणि खाणावळ जड जायची. भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०२ साली फर्ग्युसनमध्ये दाखल झाले, ते सासऱ्यांच्या भरवशावर. जव्हार संस्थानातले भाऊराव चिपळूणकर यांनी जावयाच्या शिक्षणाचा भार उचलला होता. पुढे १९०६ साली सावरकर विलायतेला गेले ते श्यामजी कृष्णवर्मा यांच्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. तिला अट होती : इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. सासरे आणि देशभक्त दाता, दोघांचाही आधार मोठाच. पण तो मिळायला कुणाचा तरी जावई किंवा कुणाच्या तरी नजरेत भरलेला तरुण असावे लागे.

शिक्षणासाठी रीतसर कर्ज देण्याची कल्पना आपल्याकडे रुजवली जमशेटजी टाटांनी. १८९२ साली त्यांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी उभारला. शिष्यवृत्ती म्हणून मिळणारी ही रक्कम कमावते झाल्यावर परत करायची, म्हणजे ती पुढच्याच्या कामी येते, असा हिशेब. पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. त्या काळात एका मराठी मुलीला कर्जाऊ शिष्यवृत्ती द्यायची, म्हणजे ती शिकेल, कमावेल आणि परत करील, यावर भरवसा ठेवायचा! १९५७ साली केंब्रिजला निघालेल्या जयंत नारळीकरांनाही हीच शिष्यवृत्ती होती.

दुसरी वाट होती करारनाम्याची. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. करार दोन्ही बाजूंनी चोख होता. फक्त बडोद्यात या विद्वानाला राहायला जागा कोण देणार, हे त्यात लिहिलेले नव्हते. १९१७ साली ते बडोद्याला गेले. कचेरीत शिपाई कागद अंगावर फेकत, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि नोकरी सुटली. करार मात्र उरला. शिष्यवृत्तीच्या परतफेडीचा तगादा पुढे काही वर्षे त्यांच्या मागे राहिला. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये, अशी जुळवाजुळव होती. ज्या पुरुषाने पुढे १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला आणि १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, त्याच्या आयुष्यातली ही बाजू आपल्या जिल्ह्यात फारशी सांगितली जात नाही. शिकलेल्या माणसाला समाजाने कमावू दिले नाही, तर शिक्षणाचे कर्ज फेडायचे कसे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा इतक्या उघडपणे समोर आला.

तिसरी वाट खास आपली, वसतिगृहाची. १९१४ साली सत्यशोधकी विचारांच्या मंडळींनी मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन केला. एप्रिल १९२० मध्ये शाहू महाराज नाशिकला आले आणि उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसली. बहुजनांच्या पोराला हातात रोख रक्कम देण्यापेक्षा त्याच्या डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात ताट द्यावे, असा हा विचार. मला तो फार व्यवहारी वाटतो. यात परतफेडीचा कागद नव्हता. शिकलेला मुलगा गावाकडे आला की वर्गणी देई, आणखी दोन पोरे पाठवी. याची थकबाकी कधी कुणी मोजली नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकार या व्यवहारात उतरले. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ झाली. 'ई.बी.सी.' ही तीन इंग्रजी अक्षरे तेव्हापासून मराठी झाली. साठीच्या पुढच्या कितीतरी शिक्षकांची, तलाठ्यांची, डॉक्टरांची पदवी या अक्षरांवर उभी आहे.

याच सुमारास, १९६३ साली, केंद्र सरकारने 'राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती' योजना आणली. हुशार पण गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज. अभ्यासक्रमानुसार वर्षाला ७२० ते १७५० रुपये. शिक्षक झालात, तर नोकरीच्या दर वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ. हे कलम वाचताना अमेरिकेची आठवण होते. रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडल्यावर हादरलेल्या अमेरिकेने १९५८ साली कायदा करून विद्यार्थ्यांना सरकारी कर्जे दिली. वर्षाला हजार डॉलर, एकूण पाच हजार ही मर्यादा आणि शिक्षक होणाऱ्याला वर्षाला दहा टक्के सूट, तीही निम्म्या कर्जापर्यंत. आपण अधिक उदार होतो; दहा वर्षे शिकवले की पाटी कोरी.

योजनेला ग्रहण लागले ते दोन बाजूंनी. एकतर महागाई वाढत गेली तशी कर्जाची रक्कम वाढली नाही. १९६३ साली सतराशे रुपयांत वर्ष निघत असेल. १९८५ साली त्यात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची खाणावळही भागत नव्हती. दुसरे म्हणजे कर्ज वाटायचे शिक्षण खात्याने. नोकरी लागून मुलगा पिंपरीला गेला की भिलाईला, हे खात्याला कळायचे कसे? वसुली नगण्य राहिली आणि १९९१ साली योजना गुंडाळली गेली. विद्यार्थी कर्ज बुडवतात, असा बोलबाला तेव्हापासूनचा. सावकारी करण्याची यंत्रणाच नसलेल्या खात्याकडे सावकारी दिली होती, ही गोष्ट कुणी फारशी बोलत नाही.

दरम्यान महाराष्ट्रात पाणी वेगळ्याच दिशेने वाहू लागले होते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. पुढच्याच वर्षी नाशिकमध्ये के. के. वाघ कॉलेज उभे राहिले. जिल्ह्यातल्या मुलाला इंजिनिअर व्हायला आता गाव सोडावे लागणार नव्हते. खर्च मात्र सरकारऐवजी बापाने करायचा होता. कॅपिटेशन फी रोखायला १९८७ साली कायदा झाला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या 'फ्री सीट' आणि निम्म्या 'पेमेंट सीट' ठरवल्या. लग्नाच्या बैठकीतही 'मुलगा फ्री सीटवाला' असे अभिमानाने सांगितले जाण्याचे ते दिवस. २००२ साली मोठ्या घटनापीठाने ती पद्धत मोडीत काढली आणि फीचा भार जवळजवळ सगळ्यांवर आला.

बँकांचे कर्ज या पार्श्वभूमीवर आले. इंडियन बँक्स असोसिएशनने आखलेली आदर्श शैक्षणिक कर्ज योजना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००१ मध्ये बँकांना पाठवली. देशात शिकायला जास्तीत जास्त साडेसात लाख, परदेशासाठी पंधरा लाख. चार लाखांपर्यंत तारण नाही. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हापासून हप्ते. त्या काळी साडेसात लाख म्हणजे डोळे विस्फारणारी रक्कम होती. पुढे या मर्यादा दहा आणि वीस लाख झाल्या. पण साडेसात लाख हा आकडा गेला नाही. तो फक्त जागा बदलत राहिला. आधी तो कर्जाचे छत होता. मग तारणाची रेघ झाला : चार ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे स्थावर तारण. २०१५ साली केंद्राने कर्जहमी निधी काढला. हमी साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जालाच, तीही पंचाहत्तर टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेतही सरकारची पंचाहत्तर टक्के हमी आहे ती साडेसात लाखांपर्यंतच. या काळात काही खासगी मेडिकल कॉलेजांची एका वर्षाची फी त्या आकड्याच्या पुढे गेली.

आता ही तारणाची रेघ निफाड, चांदवड, सिन्नरच्या शेतकऱ्याच्या घरात कशी दिसते ते पाहा. त्याच्याकडे असते ती जमीन. चार एकर द्राक्षबाग किंवा कांद्याचे रान. बाजारभावाने किंमत काढली तर कर्जाच्या कितीतरी पट. पण सातबाऱ्यावर बहुधा विकास सोसायटीचा बोजा आधीच चढलेला असतो. तो नसला तरी बँक कां-कू करते, कारण थकीत कर्जासाठी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला फ्लॅट हवा असतो, बिगरशेती प्लॉट हवा असतो, नाहीतर मुदतठेव. म्हणजे शहरातल्या दोन खोल्यांच्या मालकाचा मुलगा जे कर्ज काढू शकतो, ते चार एकरवाल्याचा मुलगा काढू शकत नाही. सुरगाणा-पेठकडे तर प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ या कलमांनी आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर कडक बंधने घातली आहेत.

मात्र ही बंधने काढून टाका म्हणणाऱ्याने जरा थांबावे. १८७५ साली सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, दख्खनचे दंगे पेटले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला, तो कर्जापायी कुणब्याची जमीन जाऊ नये म्हणून. शेतजमिनीला आजच्या कायद्यातून मिळालेली सूट त्याच भीतीची वारसदार आहे आणि ती भीती खोटी नाही. पोराच्या डिग्रीसाठी बागेवर जप्ती आणणारा कायदा आपल्याला हवा आहे का? मला तरी नको. मग जमिनीशिवाय कर्ज कितीपर्यंत द्यायचे, ती रेघ फीच्या मागोमाग वर सरकायला हवी. ती सरकत नाही, कारण फी ठरवते राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण, कर्जाच्या अटी ठरतात बँकांच्या संघटनेत आणि हमीची मर्यादा दिल्लीत. तिघांनी एका टेबलाशी बसावे अशी सोयच नाही.

नुसती मर्यादा वाढवली की सारे सुटते, असेही नाही. अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७ सालीच आरोप केला होता, की सरकारी मदत वाढते म्हणून कॉलेजे फी वाढवतात. तिथे त्यावर अजून वाद चालू आहे. २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके सरकारी कर्ज मिळू लागले. जुलै २०२५ च्या कायद्याने ही वाट १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केली. पदव्युत्तर शिक्षणासाठी एकूण एक लाख डॉलर आणि डॉक्टर, वकील अशा व्यवसायांसाठी दोन लाख डॉलर, अशा मर्यादा घातल्या. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मुलीला मेडिकलला घालायचे गणित त्यामुळे नव्याने मांडावे लागणार. नाशिकहून एम.एस. करायला जाणाऱ्या मुलाला मात्र ते सरकारी कर्ज आधीही मिळत नव्हते. त्याचे तारण इथेच, कॉलेज रोडच्या फ्लॅटवर.

आपल्याकडे मुलींसाठी एक मोठे पाऊल पडले आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात राज्याने पूर्ण सवलत दिली. ई.बी.सी.ची नात म्हणावी अशी ही योजना. वसतिगृह, मेस आणि पुस्तके तिच्या बाहेर राहतात. म्हणजे १९२० साली ज्या खर्चासाठी उदाजी वसतिगृहाची कोनशिला बसली, तो अजून घरच्यांच्याच माथी आहे.

'पीएम विद्यालक्ष्मी'त तारण नाही, जामीनदारही नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि सवलतीच्या मुदतीपुरती, व्याजात तीन टक्के सूटही आहे. वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. चांगली गोष्ट आहे. पण योजना लागू आहे ती गुणवत्ता-यादीतल्या संस्थांना. मंजुरीच्या वेळी त्या ८६० होत्या. त्यामुळे बँकेत जाण्याआधी सातबारा शोधण्याऐवजी ती यादी शोधा. कॉलेज त्यात असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरा. नसेल तर जुनी योजना आहे, जुनी रेघ आहे आणि साहेबांचा पहिला प्रश्नही जुनाच असेल : तारण काय आहे?