एडी मन्स्टर
१९६४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘द मन्स्टर्स’ ही कृष्णधवल मालिका सुरू झाली, तेव्हा युनिव्हर्सल चित्रसंस्थेच्या दफ्तरी तीसेक वर्षे जमा असलेली भयमूर्तींची मिरास एका संसारी कुटुंबाच्या स्वाधीन झाली. या घरचा मुलगा एडी हा लांडगा-मानवाच्या कुळीचा: कपाळावर मधोमध टोकदार उतरलेले केस, टोकदार कान, अंगात मखमली पोशाख आणि काखेत ‘वूफ-वूफ’ नावाचा बाहुला. परंतु या भयानक साजाखाली शाळेत जाणारे, आईबापांच्या मायेत वाढणारे एक साधे पोर होते, आणि शाळेत कोणी त्याला हिणवले असता बाप हर्मन त्याला जवळ घेऊन जो धीर देई, तोच, माझ्या मते, या मालिकेचा खरा प्राण होय. ही भूमिका बुच पॅट्रिक या बालनटाने केली. ७० भागांनंतर, १९६६ च्या मे महिन्यात, मालिका संपली.